दिवाणात दडवलेला आवाज

सबवूफर आमच्या घरात आला तो सरकी पेंडीच्या पोत्यांखालून. दूध सोसायटीचा टेम्पो गेवराईहून पेंड घेऊन यायचा, त्यात पोत्यांच्या तळाशी त्या जाड आवाजाच्या स्पीकरचं खोकं ठेवलेलं होतं. पोती आधी सोसायटीच्या गोदामात उतरली आणि मग टेम्पो मागच्या वाटेनं आमच्या परसात आला. माझ्या नवऱ्यानं आणि ड्रायव्हरनं खोक्यावर गोधडी टाकून ते दोघांत उचलून आत आणलं. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. मला वाटलं, छावणीतून कुणी आजारी माणूस आणलाय.

सासरे सोसायटीचे चेअरमन होते. दुष्काळाचं ते दुसरं साल होतं. गावाबाहेरच्या माळावर सोसायटीनं जनावरांची छावणी घेतली होती, आणि निम्मं गाव आपापल्या गाई-बैलांबरोबर तिथंच पालं ठोकून राहायला गेलं होतं. सासरे रोज सकाळी पांढरे कपडे घालून छावणीत चक्कर मारायचे, लोकांना धीर द्यायचे. चारा कमी पडायचा, पाण्याचा टँकर चुकायचा, धीर मात्र त्यांच्याकडं कधी कमी पडला नाही.

त्याच उन्हाळ्यात माझ्या नणंदेचं लग्न निघालं. सासऱ्यांनी छावणीतल्या लोकांपुढं उभं राहून जाहीर करून टाकलं, "माज्या पोरीच्या लग्नात बँड न्हाई, डीजे न्हाई. मुकी जनावरं दावणीला उपाशी अन् आमी नाचायचं का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेपरात फोटो आला. नणंद दोन दिवस जेवली नाही, आणि माझा नवरा तर तिच्यापेक्षा जास्त फुगून बसला, कारण डीजे त्यानं मनात केव्हाच ठरवून ठेवला होता. एकुलता एक मुलगा. त्याचा रुसवा काढायला डीजेच्या बदल्यात होम थिएटर आलं. खरं सांगायचं तर सासऱ्यांनाही ते हवंच होतं. त्यांना ढोलकीचा फार नाद. ढोलकीची थाप छातीत बसली पाहिजे, असं ते म्हणायचे, आणि टीव्हीच्या आवाजात ती बसत नव्हती.

फक्त ते कुणाला दिसायला नको होतं. सोसायटीची निवडणूक तोंडावर होती आणि साधेपणाची टाळी एकदा घेऊन झाली होती.

आता माझं सांगते. माझं माहेर लिंबागणेशकडचं. दहावी झाल्यावर वडिलांनी मला बीडच्या आयटीआयला घातलं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या ट्रेडला. वर्गात मुलगी मी एकटीच. वडिलांचा हिशेब सरळ होता. आमच्याकडं बाईच्या हाताला काम पाऊस असेल तरच मिळतं, आणि हा ट्रेड पावसावर अवलंबून नाही. एसटीतून जाताना पालीजवळच्या धरणाचा तळ उघडा पडलेला दिसायचा, तेव्हा मला त्यांचं म्हणणं पटायचं. लग्न ठरवायला आले तेव्हा सासरेच म्हणाले होते, "सोसायटीचे गाळे होणार हायेत रोडला. पोरगी शिकलेली हाय, तिला दुकान टाकून देऊ." त्या एका वाक्यावर वडिलांनी होकार दिला. आंदण म्हणून त्यांनी मला बांधावरच्या लिंबाचा दिवाण करून दिला, आणि माझी सोल्डरिंग गन, मीटर, पान्हे असं सगळं एका पत्र्याच्या पेटीत घालून बरोबर दिलं. माझ्या सासूबाईंनी ती पेटी माळ्यावर ठेवली.

गाळे झाले. चार होते. तीन भाड्यानं गेले आणि कोपऱ्यातला बंद राहिला. बाजाराला उमापूरला जाता-येता मी त्या शटरकडं बघायचे. आत काउंटर कुठं ठेवायचं, लाईटचा बोर्ड कुठं घ्यायचा, हे सगळं मी मनात लावून ठेवलं होतं. विषय काढला की सासरे म्हणायचे, "बघू." लग्नानंतरची सगळी वर्षं ते बघतच होते.

होम थिएटरचे लहान स्पीकर लपवायला काही त्रास पडला नाही. ते भिंतीवरच्या फोटोंच्या मागं बसले. प्रश्न सबवूफरचा होता. चांगलं लाकडी खोकं ते, मांडीएवढ्या उंचीचं. नवऱ्यानं ते बैठकीला लागून असलेल्या खोलीतल्या धान्याच्या कोठीत ठेवायचं ठरवलं. पत्र्याची उंच कोठी होती आमची, ज्वारीची. दोन वर्षं रान पिकलं नव्हतं त्यामुळं ती रिकामी होती. चेअरमनच्या घरातली कोठी रिकामी आहे हे कळायला नको म्हणून सासूबाई तिच्यावर धुतलेली चादर टाकून ठेवायच्या. नवऱ्याला वाटलं, लपवायला याहून चांगली जागा नाही.

मी म्हणाले, "अहो, पत्रा हाय तो. बोंबलंल."

"तुला काय कळतंय? कंपनीचा माल हाय," तो म्हणाला आणि खोकं कोठीत सोडलं.

दुपारी लाईट आली. त्यानं ढोलकी लावली. बैठकीत बसून त्याला वाटत होतं की काही तरी फार भारी चाललंय. मी परसात होते. बाहेर ढोलकी नव्हती, गाणं नव्हतं, काहीच नव्हतं. नुसती एक धडधड जमिनीतून येत होती. थांबायची, परत चालू व्हायची. कोठीचा पत्रा ती गिळून दुप्पट करून बाहेर टाकत होता. फळीवरची भांडी सरकायला लागली. मी आत पळाले, पण त्याच्या आधी गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला.

"बोअर चालू हाय! चेअरमनच्या परसात बोअर घ्यायलेत!"

उन्हाळ्यातली दुपार. पाखरू हलत नव्हतं. त्या शांततेत जमिनीतून येणारी धडधड म्हणजे आमच्या भागात एकच गोष्ट. माणसं कानात जीव आणून ज्या आवाजाची वाट बघत होती तोच आवाज आमच्या घरातून येत होता. आधी गल्लीतल्या बाया हंडे घेऊन आल्या. मग छावणीकडून माणसं यायला लागली, काही तर पायात चपला न घालता. एक म्हातारा दोन्ही हातांत कळशी धरून पार दारापर्यंत आला आणि मला विचारायला लागला, "लागलं का वो पाणी? किती फुटावर लागलं?"

मी मागं वळून बघितलं. आत नवऱ्यानं वायर उपटली होती. धडधड बंद झाली तशा सगळ्यांच्या माना परसाकडं वळल्या, म्हातारा तर कळशी सावरून पुढं सरकला. बोअरचं मशीन थांबतं ते दोनच कारणांनी, पाणी लागलं म्हणून किंवा आशा सोडली म्हणून.

सासरे बाहेर आले. टोपी सारखी केली. मी समजत होते, आता यांची भंबेरी उडणार. पण तो माणूस एका शब्दानं अडखळला नाही. "जुना बोअर हाय ना मागं, त्याला कॉम्प्रेसर लावून बगत व्हतो. मनलं, चार हंडे निघाले तर गल्लीला व्हतील. न्हाई निघालं. कोरडाच हाय."

लोक हळहळले. "तुमच्या बी नशिबाला कोरडंच का," असं कुणी तरी म्हणालं. एक बाई म्हणाली, "तुमी तरी लोकांसाठी करून बगता, बाकीचे कोण बगतंय?" म्हाताऱ्यानं कळशी डोक्यावर पालथी घातली, उन्हापासून आडोसा म्हणून, आणि माळाकडं चालायला लागला.

सासरे आत येऊन गादीवर बसले. घाम पुसला, पाणी मागितलं. मग थोड्या वेळानं म्हणाले, "लोकाला लई वाईट वाटलं बरं का आपल्यासाठी." आणि ते हसले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड तांब्या घेऊन उभी होते. मला त्या माणसाची किळस आली. इतकी वर्षं झाली, मला आजही तो म्हातारा आठवतो.

पण किळस येऊन काय करणार होते? नवरा सबवूफर परत करायला तयार नव्हता, सासरे तो घरात ठेवायला घाबरत होते, आणि दोघं एकमेकांवर तोंड टाकत होते. मला दिसत होतं की या घरात मला काही मिळायचं असेल तर ते आत्ताच मिळेल. मी दाराआडूनच बोलले.

"मामा, मी बसवून देते. आवाज चांगला येईल अन् कुणाला कळणार बी न्हाई."

सासऱ्यांनी दाराकडं मान वळवली.

"तुला येतंय?"

"मी तेच शिकले की. पण मला कोपऱ्यातला गाळा पायजे."

सासूबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. सासऱ्यांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली, चघळली. "बसव," ते म्हणाले. "आवाज आला पायजे, पर दिसलं न्हाई पायजे. कुणाला शंकासुद्धा न्हाई आली पायजे. मग गाळा तुजा."

"शब्द?"

"चेअरमनचा शब्द हाय."

मी माळ्यावरून पेटी काढली.

सबवूफर लपवता येतो याचं कारण माणसाचा कान जाड आवाजाची दिशा ओळखू शकत नाही. बारीक आवाज कुठून येतोय हे लगेच कळतं, जाड आवाज मात्र सगळीकडून आल्यासारखा वाटतो. म्हणून तो कुठंही ठेवला तरी चालेल असं लोकांना वाटतं. ते चूक आहे. खोलीत काही ठिकाणी तो फुगतो, काही ठिकाणी मरतो. आमच्या सरांनी जागा शोधायची एक युक्ती शिकवली होती. माणूस जिथं बसणार तिथं सबवूफर ठेवायचा, आणि आपण खाली बसून, कान जमिनीजवळ नेऊन, भिंतीकडेनं फिरायचं. जिथं ढोलकी नीट ऐकू येईल तीच त्याची जागा.

सर वर्गात सांगून मोकळे झाले होते. चेअरमनच्या बैठकीत हे कसं करायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या बैठकीत मी पुरुषमाणसं असताना कधी पाय ठेवला नव्हता. चहाचा ट्रेसुद्धा उंबऱ्यावरूनच द्यायचा, अशी आमच्या घरची रीत. आता सासऱ्यांच्या गादीवर, त्यांच्या तक्क्याला टेकून, सबवूफर बसलेला होता आणि मी डोक्यावरचा पदर दातात धरून चार पायांवर बैठकभर रांगत होते. सासरे बाहेर ओट्यावर पाठ करून बसले. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून कपाळाला हात लावत होत्या. "अगं, सून हायस का मांजर? कुणी बगितलं तर इज्जत जाईल की."

कोपऱ्यात आवाज नुसता भोपळ्यासारखा फुगला, एक थाप दुसरीत मिसळायला लागली. भिंतीच्या मध्यावर तर सगळा जीवच गेला. खिडकीखाली, कोपऱ्यापासून थोडं अलीकडं, ढोलकीची प्रत्येक थाप वेगळी ऐकू आली. मी तिथं खडूनं खूण केली. त्या जागी कुठली वस्तू शोभेल, पाहुण्याला बसता येईल आणि आत जागा असेल, याचा विचार करायला फार वेळ लागला नाही. ती वस्तू माझ्याच खोलीत होती.

वडिलांच्या दिवाणातल्या गोधड्या मी बाहेर काढल्या आणि तो बैठकीत आणवला. त्याला करवत लावताना हात जड झाला हे खरं आहे. पण बंद पेटीत आवाज कोंडतो, समोर मोकळी जागा लागतेच, आणि ती स्पीकरच्या पडद्यापेक्षा मोठी लागते. दर्शनी फळीचा तेवढा भाग मी कापून काढला. त्यावर लावायला कापड पाहिजे होतं. रेक्झिन चालत नाही, जाड पडदाही नाही. कापड तोंडाला लावून फुंकर मारायची, पलीकडं हाताला वारा लागला तर आवाजही पलीकडं जाईल. घरातली कापडं फुंकून फुंकून बघितली. शेवटी सासऱ्यांचं जुनं धोतर उपयोगी आलं. चहाच्या पाण्यात बुडवून त्याला लाकडाचा रंग दिला, ताणून बसवलं, आणि वरून लाकडाच्या पट्ट्या अंतर सोडून ठोकल्या. नुसत्या तिथं ठोकल्या असत्या तर नजर तिथंच गेली असती. म्हणून दुसऱ्या अर्ध्या भागावरही, जिथं काहीच नव्हतं, तशाच पट्ट्या ठोकल्या. बघणाऱ्याला नक्षी वाटली पाहिजे.

खरी कटकट थरथरण्याची होती. सबवूफर लाकडाला टेकला की अख्खा दिवाण वाजतो. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या घड्या करून मी सबवूफरच्या चार पायांखाली दिल्या आणि कुठल्याही बाजूनं त्याचा फळीला स्पर्श होणार नाही असा मध्ये बसवला. तळाची फळी पातळ होती, तिला आडवा दांडा मारला. झाकणाच्या कडेला घोंगडीच्या पट्ट्या चिकटवल्या, बिजागरीत दोरा भरला. सबवूफरला मागं एक भोक असतं, त्यातून तो हवा आत-बाहेर करतो, ते मोकळं ठेवलं. मागची फळी पूर्ण काढून टाकली, म्हणजे मशीन तापणार नाही, आणि दिवाण भिंतीपासून हातभर पुढं ठेवला. उरलेल्या रिकाम्या जागेत दूरच्या टोकाला दोन गोधड्या गुंडाळून ठेवल्या, म्हणजे आत आवाज घुमणार नाही. मग झाकणावर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली आणि ढोलकी लावली. पाणी हललं. परत उघडलं, परत घोंगडी लावली. असं किती वेळा केलं ते सांगता येणार नाही, पण एका दुपारी ढोलकी छातीत बसत होती आणि वाटीतलं पाणी हलत नव्हतं. सासूबाईंनी ते पाणी तुळशीला घातलं.

मी परसात जाऊन ऐकलं. गल्लीत जाऊन ऐकलं. बाहेर काही नव्हतं. आत आले आणि मला रडू आलं, आनंदानं. माझ्या हातात हे आहे, हे मला लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आठवलं. त्या संध्याकाळी नवराही म्हणाला, "लई भारी केलंस." तेवढं एकदाच.

सासरे मात्र लपवून ठेवणारे नव्हते. म्हणजे छावणीतल्या माणसांपासून लपवायचं होतं. पॅनेलची बडी माणसं आली की त्यांना ते मुद्दाम ऐकवायचे. दार लावून घ्यायचे, ढोलकी लावायचे आणि म्हणायचे, "वळखा बरं, कुठून यायलंय?" मंडळी माडीकडं बघायची, पडद्यामागं बघायची, एक जण तर दिवाणावरच बसून टीव्हीच्या खाली शोधत होता. कुणालाही सापडलं नाही. सासरे मांडीवर थाप मारून हसायचे. मी उंबऱ्यावर चहाचा ट्रे धरून उभी असायचे. ऐकून माझीही छाती फुगायची.

"कुणी केलं हो हे?" एका पाहुण्यानं विचारलं.

"पुण्याहून माणूस बोलावलता," सासरे म्हणाले. "लई हुशार माणूस."

ट्रे माझ्या हातात होता म्हणून, नाही तर मी काय केलं असतं माहीत नाही. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "मामा, माजं नाव कावून न्हाई सांगितलं?"

"येडी का काय? बैठकीत सून रांगत व्हती मनून सांगू का? बायकांची नावं चारचौघांत घेत न्हाईत."

"बरं. गाळा?"

"छावणी उठू दे."

छावणी उठली. मग म्हणाले, निवडणूक होऊ दे. निवडणूक व्हायचं कारणच पडलं नाही, बिनविरोध झाली. सासऱ्यांच्या चुलतभावानं अर्ज भरला होता, तो त्यानं मागं घेतला. त्यानं का मागं घेतला हे मला एका सकाळी कळलं. सासूबाईंनी सांगितलं, "ताट तयार कर, निरांजन घे. रोडला जायचंय. तुज्या भावजीच्या दुकानाचं उद्घाटन हाय."

चुलतभावाचा मुलगा म्हणजे माझा चुलत दीर. तो लग्नात स्पीकर भाड्यानं द्यायचा, एवढाच त्याचा आणि आवाजाचा संबंध. कोपऱ्यातल्या गाळ्याचं शटर वर केलेलं होतं, त्यावर झेंडूची माळ होती, आणि आत काउंटर मी मनात जिथं ठेवलं होतं त्याच्या बरोबर उलट्या बाजूला ठेवलेलं होतं. मी त्याला ओवाळलं. हो, मीच ओवाळलं, भावकीतली मोठी सून म्हणून. त्याच्या कपाळाला कुंकू लावताना तो हळूच म्हणाला, "वैनी, एकदा दिवाण उघडून दाखवा बरं का. तसलेच दिवाण करून इकायचा इचार हाय."

घरी आल्यावर मी पदर खोचून बैठकीत गेले. सासऱ्यांसमोर उभी राहिले. असं मी कधी केलं नव्हतं.

"मामा, तुमी शब्द दिलता."

"मग? गाळा घराच्या बाहेर गेला का? तो काय परका हाय?"

"काम मी केलंय."

"कुणी बगितलं?" ते शांतपणे म्हणाले. "तुला मनलो व्हतो, दिसलं न्हाई पायजे. तू केलंस बी तसंच. आता दिसत न्हाई मनून माज्यावर कावून चिडतीस?"

नवरा तिथंच बसून मोबाईल बघत होता. इतक्या सफाईनं माझ्या तोंडाला पानं पुसली गेली होती की ओरडायलासुद्धा जागा राहिली नव्हती. दुपारी दीर टेप घेऊन आला, दिवाण उघडला, मापं घेतली, फोटो काढले. मी परसात भांडी घासत बसले. त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही आणि मी आपणहून काही सांगितलं नाही.

त्यानं पट्ट्या हुबेहूब ठोकल्या. नक्षी माझ्यापेक्षा सुबक केली. दुसऱ्या गावांतल्या सोसायट्यांचे चेअरमन, व्हाईस चेअरमन, ज्यांना आवाज हवा होता आणि लोकांची नजर नको होती, अशा सगळ्यांनी ते दिवाण घेतले. पण पायांखालची ट्यूब त्याला फोटोत दिसली नव्हती. धोतराच्या जागी त्यानं सोफ्याचं जाड कापड लावलं. आणि दिवाण त्या त्या माणसाच्या सोयीनं, जिथं जागा असेल तिथं, बहुतेक कोपऱ्यातच ठेवला. बैठकीत रांगायचं असतं हे त्याला कोण सांगणार होतं?

व्हायचं ते झालं. एकाचा दिवाण नुसता गुरगुरायचा, एकाच्या झाकणाला कापरं भरायचं, एकाचं मशीन आतल्या आत तापून जळालं. शेवटी शेजारच्या गावचा एक चेअरमन तणतणत आमच्या बैठकीत येऊन बसला. दीरही मान खाली घालून आला होता. पाहुणा म्हणत होता, "तुमच्यात तर झकास वाजतंय. आमच्यातच कावून वाजंना?" गावची आणखी तीन-चार माणसं बसलेली होती. सासऱ्यांनी मला हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला बैठकीत बोलावलं.

"सूनबाई, जरा बगून सांग बरं यांच्या दिवाणाचं काय झालंय."

मी उंबऱ्यावर आले. पदर नीट घेतला. सगळे माझ्याकडं बघत होते. मला माहीत होतं काय झालंय, आणि मला माहीत होतं की ते अर्ध्या दिवसात दुरुस्त होईल. मी म्हणाले, "मला काय येतंय मामा? मी घरातली बाई. ते पुण्याचे आलते ना, त्यांनाच इचारा."

पाहुणा लगेच म्हणाला, "हां, त्या माणसाचा नंबर द्या की आमाला."

सासरे खिसे चाचपायला लागले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. दीर जमिनीकडं बघत होता. स्वयंपाकघरात सासूबाई पदरात तोंड घालून हसल्या, तेवढं एक सुख मला त्या घरात मिळालं. गल्लीतल्या बायांना ते उत्तर कसं कळलं कोण जाणे, पण विहिरीवर, गिरणीत, लग्नाच्या मांडवात ते कितीतरी दिवस फिरत राहिलं. मला बघून बाया हसायच्या आणि म्हणायच्या, बरी जिरवलीस.

दिराचं दुकान वर्षभरात बसलं. गिऱ्हाईकं दिवाण परत आणून टाकायला लागली, तेव्हा त्यानं शटर ओढलं आणि पुण्याला कंपनीत निघून गेला. कोपऱ्यातला गाळा परत रिकामा झाला. मी थोडे दिवस जाऊ दिले. मग एका सकाळी सासऱ्यांना चहा दिला आणि शक्य तितक्या गरीब आवाजात म्हणाले, "मामा, गाळा मोकळाच हाय. आता तरी मला द्या. मी चालवून दाखवते."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्याला. त्यांना राग आलेला नव्हता.

"तुला देऊन काय करू?" ते म्हणाले. "तुला त्यातलं काय येत न्हाई. चार माणसांत तूच सांगितलंस की."

गाळ्यात पुढं सोसायटीनं दुधाचे गळके कॅन भरून ठेवले. शटरची किल्ली आमच्याच घरात, देवघराच्या खिळ्याला अडकवलेली असते. रोज दिवा लावताना मी ती बाजूला सारते.